कॅलथ्रॉप साहेबांची धाकटी गाडी

माझं बालपण कुर्डुवाडीच्या रेल्वे क्वार्टरमध्ये गेलं. अण्णा, म्हणजे माझे वडील, बार्शी लाईनवर गार्ड होते. १९६२ साली लागले आणि २००१ साली निवृत्त झाले. एकोणचाळीस वर्षं अडीच फुटी रुळांवर, गाडीच्या शेवटच्या डब्यात. कधी लातूरकडे, कधी पंढरपूरमार्गे मिरजेकडे. आमच्या घरातलं घड्याळ त्या गाडीवर चालायचं आणि गाडी कशावर चालते हे देवाला ठाऊक, असं आई म्हणायची.

सोलापूर, उस्मानाबाद, लातूर या भागातून इकडे आलेल्या वाचकांना ही गाडी आठवत असेल. इतरांसाठी सांगते. दोन रुळांमधलं अंतर अडीच फूट, म्हणजे ७६२ मिलिमीटर. डबे बुटके, बाकं लाकडी. येडशीजवळच्या रामलिंगच्या घाटात गाडी इतकी हळू चढायची की पोरं खाली उतरून शेजारून पळायची आणि पुन्हा चढायची. या गाडीवरचे विनोद ऐकत मी मोठी झाले. शाळेत कुणी उशिरा आलं की मास्तर विचारायचे, "काय रे, बार्शी लाईटनं आलास का?" वर्ग हसायचा आणि मी खाली मान घालायची. गार्डची मुलगी ना!

अण्णा विनोदांवर कधी चिडले नाहीत. पण मार्गाचं ब्रॉडगेज व्हायला लागलं, तेव्हा ते गप्प झाले. २००८ पर्यंत लातूर ते कुर्डुवाडी हा टप्पा मोठ्या रुळांवर गेला. बार्शीची छोटी गाडी शेवटची सुटली, त्या दिवशी निम्मं गाव स्टेशनवर होतं. स्टेशनपासून दहा मिनिटांवर राहणारे अण्णा घरीच बसून राहिले. नव्या गाडीनं बार्शीला जायलाही त्यांनी साफ नकार दिला. कुणाचं लग्न असलं तर एसटीनं जायचे. मी तेव्हा इंग्लंडमध्ये, स्टोक-ऑन-ट्रेंटला येऊन दोन वर्षं झाली होती. फोनवर विषय काढला की म्हणायचे, "खेळण्यातली गाडी होती गं. मोडली. सोड."

भिंतीवरचा फोटो

२०१२ च्या उन्हाळ्यात आमच्या फिजिओथेरपी विभागातल्या बायकांनी पीक डिस्ट्रिक्टमध्ये एक दिवस चालायला जायचं ठरवलं. स्टोकहून मोटारीनं तासाभरात पोचता येईल असं ह्यूम एंड नावाचं खेडं आहे. खेडं कसलं, पाचपंचवीस घरं, एक नदी आणि भोवती हिरव्या टेकड्या. तिथून मॅनिफोल्ड नदीच्या काठानं एक डांबरी पायवाट निघते. मोटारी नाहीत, चढउतार जवळजवळ नाही, त्यामुळे बाबागाड्या, सायकली आणि म्हातारी माणसं सुखानं जातात. पूर्वी इथून रेल्वे जायची, एवढं मैत्रिणींना माहीत होतं.

जुन्या तिकीटघरात आता माहिती केंद्र आहे. बाकीच्या स्वच्छतागृहाच्या रांगेत होत्या म्हणून मी भिंतीवरचे फोटो बघत उभी राहिले. एका फोटोत छोटं इंजिन होतं. कपाळावर भला मोठा दिवा, असा दिवा मी इंग्लंडातल्या कुठल्याच जुन्या इंजिनावर पाहिला नव्हता. मागं दोन्ही टोकांना व्हरांडे असलेले डबे. वेल्सच्या किंवा स्कॉटलंडच्या गाड्यांची चित्रं मी पाहिली होती, ही त्यांच्यातली वाटेना. ही घरची वाटली. मग खालची ओळ वाचली. इंजिनाचं नाव होतं 'ई. आर. कॅलथ्रॉप'.

कॅलथ्रॉप साहेब! कुर्डुवाडीच्या कारखान्यातली जुनी माणसं हे नाव घ्यायची. लाईन बांधणारा साहेब. घोड्यांचा शौकीन साहेब. अण्णांच्या तोंडून मी ते शंभरदा ऐकलं असेल. स्टॅफर्डशायरच्या या दरीत ते नाव पितळी पाटीवर कसं आलं?

रात्री अण्णांना फोन लावला. सगळं ऐकून घेऊन त्यांनी एकच प्रश्न विचारला, "बंद पडली म्हणतेस. कशानं?"

मला सांगता आलं नाही. हा लेख म्हणजे त्या प्रश्नाच्या मागे लागून जे सापडलं त्याची हकीकत आहे.

आधी बार्शी

एव्हरार्ड रिचर्ड कॅलथ्रॉप यांचा जन्म १८५७ चा, इंग्लंडातल्या शेतकरी घरातला. क्रू इथल्या रेल्वे कारखान्यात ते शिकले आणि १८८२ मध्ये हिंदुस्थानात 'ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे'त, म्हणजे आपल्या जीआयपीत, नोकरीला आले. त्या वेळी मुंबईहून सोलापूरकडे जाणारी मोठी लाईन होऊन वीसेक वर्षं झाली होती. पण ती बार्शीला बगल देऊन गेली होती. बार्शी म्हणजे कापूस, गळिताची धान्यं यांची जुनी पेठ. सगळ्यात जवळचं स्टेशन वीस-एकवीस मैलांवर, त्याचं नाव 'बार्शी रोड'. तेच आजचं कुर्डुवाडी. मधलं सगळं अंतर बैलगाड्यांचं, आणि पावसाळ्यात काळ्या मातीत बैलगाडीचं काय होतं हे आपल्याला सांगायला नको.

एवढ्याशा अंतरासाठी मोठी रेल्वे परवडणारी नव्हती. कॅलथ्रॉप यांनी वेगळा विचार केला. रूळ मोडतो तो गाडीच्या एकूण वजनानं नाही, एका आसावर किती भार पडतो त्यानं. मग इंजिन असो, डबा असो की भरलेली वाघीण असो, कुठल्याच आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार येऊ द्यायचा नाही. इंजिन जड लागतं ना? मग त्याला चाकं जास्त द्या आणि वजन वाटून टाका. असं केलं की यार्डाला तीस पौंडांचा हलका रूळ पुरतो. मोठ्या लाईनीचे रूळ याच्या दुपटीहून जड असत. हलका रूळ म्हणजे हलके पूल, कमी माती, कमी पैसा. पण माल मात्र भरपूर. आमची गाडी बुटकी होती ती कुणी कंजुषी केली म्हणून नव्हे, हिशेब करून बुटकी होती.

नोकरी सोडून, लंडनमध्ये भांडवल जमवून, १८९५ मध्ये त्यांनी 'बार्शी लाइट रेल्वे कंपनी' काढली. इंजिनं लीड्सच्या किट्सन कारखान्यात तयार झाली. आणि गंमत बघा, बार्शीची गाडी पहिल्यांदा धावली ती बार्शीत नाहीच. १८९६ मध्ये लीड्सजवळ न्यूले इथं तात्पुरते रूळ टाकून तिची चाचणी झाली. ती बघायला रेल्वेतले जाणकार लोक मुद्दाम आले होते. मग ती बोटीनं निघाली आणि मार्च १८९७ मध्ये बार्शी रोड ते बार्शी टाऊन अशी धावू लागली.

पुढं १९०६ मध्ये ती पंढरपूरला पोचली, १९११ मध्ये लातूरला आणि १९२७ मध्ये मिरजेला. एकवीस मैलांची लाईन २०२ मैलांची झाली. त्याच १९२७ साली कॅलथ्रॉप वारले. मधल्या काळात त्यांनी अरबी घोडे पाळले, घोड्यांवर पुस्तक लिहिलं आणि वैमानिकांसाठी 'गार्डियन एंजल' नावाची हवाई छत्रीही तयार केली. जीव वाचवणारी छत्री काढणारा माणूस आणि आमची रखडत जाणारी गाडी काढणारा माणूस एकच, हे कळल्यावर अण्णा फोनवर खूप दिवसांनी हसले.

मग स्टॅफर्डशायर

१८९६ मध्ये इंग्लंडात हलक्या रेल्वेंसाठी नवा कायदा झाला. ज्या खेड्यांना मोठी रेल्वे परवडत नाही, त्यांना स्वस्तात लाईन मिळावी हा हेतू. स्टॅफर्डशायरमधल्या लीक गावच्या मंडळींनी मॅनिफोल्डच्या खोऱ्यातून अशी लाईन काढायचं ठरवलं. अशा कामाचा अनुभव असलेला इंजिनिअर हवा होता. तो मिळाला, आणि त्याचा अनुभव बार्शीचा होता!

'लीक अँड मॅनिफोल्ड व्हॅली लाइट रेल्वे' जून १९०४ मध्ये सुरू झाली. वॉटरहाउसेस ते ह्यूम एंड, सव्वाआठ मैल. रुळांमधलं अंतर बार्शीचंच, अडीच फूट. दोन इंजिनं, तीही लीड्सच्या किट्सनचीच. एकाला कॅलथ्रॉप यांचं नाव, दुसऱ्याला 'जे. बी. अर्ल' या कामावरच्या इंजिनिअरचं. डबे फक्त चार, फिक्या पिवळ्या रंगाचे. कपाळावरचा मोठा दिवा आणि डब्यांचे व्हरांडे उष्ण देशातल्या गाडीचे. मला फोटोतली गाडी घरची वाटली ती उगाच नाही.

आपण इतिहासात नेहमी वाचतो की रेल्वे इंग्रजांनी आणली, तिकडचं यंत्र इकडे आलं. ते खरंच आहे. पण इथं उलट झालं होतं. आधी बार्शीच्या काळ्या मातीत प्रयोग झाला आणि मग त्या नमुन्यावर इंग्लंडच्या दरीत गाडी धावली. वयानं बार्शी थोरली, मॅनिफोल्ड धाकटी, सात वर्षांनी लहान.

धाकटीकडे एक युक्ती मात्र थोरलीपेक्षा जास्त होती. मोठ्या लाईनीवरची भरलेली वाघीण जशीच्या तशी पाठीवर घेऊन जाणाऱ्या बुटक्या वाघिणी तिच्याकडे होत्या. त्यामुळे माल उतरवून पुन्हा भरायचं काम वाचायचं. कुर्डुवाडीत हे काम माणसांच्या पाठीवर चालायचं. छोट्या गाडीतून पोती काढायची, मोठ्या गाडीत भरायची. हमालांच्या कित्येक पिढ्या त्यावर जगल्या आणि झिजल्या. अण्णांना हे सांगितलं तेव्हा ते आधी म्हणाले, "ही युक्ती आमच्याकडं का नाही आणली?" मग स्वतःच म्हणाले, "आपली ब्रॉडगेजची वाघीण केवढी. ती अडीच फुटी रुळावर कोण चढवणार? तो पाच टनांचा हिशेब सांगितलास ना."

या लाईनीवर सगळ्यात महत्त्वाचा माल होता दूध. एक्टन इथं दुधाची डेअरी निघाली आणि आजूबाजूच्या शेतांवरचं दूध रेल्वेनं थेट लंडनकडे जायला लागलं. उन्हाळ्यात आणि सुटीच्या दिवशी शहरातले लोक थॉर्स केव्ह ही डोंगरातली प्रचंड गुहा बघायला यायचे. तेवढ्या दिवशी चार डबे पुरायचे नाहीत. एरवी ते रिकामे.

वाटेत एक छोटा बोगदा आहे, स्वेन्सलीचा. डोंगर फार मोठा नाही, वळसा घालता आला असता. पण शेजारच्या स्वेन्सली हॉलमधून गाडी दिसू नये म्हणून तो खणला असं सांगतात. तिथं राहणारे सर थॉमस वॉर्डल हे लीकचे रेशीम रंगवणारे मोठे कारखानदार. भारतातलं टसर रेशीम नीट रंगवण्याची पद्धत शोधण्यात त्यांनी आयुष्य घातलं आणि त्यासाठी भारतात येऊन फिरलेही. म्हणजे दरीतल्या हवेलीत भारताचं रेशीम, आणि हवेलीसमोरच्या बोगद्यात बार्शीच्या नमुन्याची गाडी. आम्ही मात्र इथं आलो तेव्हा वाटलं होतं, या भागाचा आपल्याशी काय संबंध!

कशानं?

१२ मार्च १९३४ रोजी ही लाईन अधिकृतपणे बंद झाली. उणीपुरी तीस वर्षं. १९६० च्या दशकात बीचिंग यांच्या अहवालानंतर ब्रिटनमधल्या शेकडो लाईनी बंद झाल्या हे आपल्याला माहीत असतं, पण ही त्याच्या तीस वर्षं आधीच गेली.

वाचताना कारणं हळूहळू सापडत गेली. एक्टनच्या तांब्याच्या खाणी अठराव्या शतकात प्रसिद्ध होत्या, पण रेल्वे येईपर्यंत त्या बंद झालेल्या. लाईन उत्तरेला बक्स्टनपर्यंत न्यायचा विचार होता, तो विचारच राहिला. त्यामुळे ती ह्यूम एंडला येऊन नुसती थांबायची. ही लाईन कुठूनच निघत नाही आणि तिथंच पोचते, अशी थट्टा बांधकामाच्या वेळीच होत असे. थट्टेच्या बाबतीतही दोघी बहिणीच! पुढं मोटारी आल्या. दुधाचे कॅन शेताच्या फाटकातूनच लॉरीत चढू लागले. एक्टनची डेअरी बंद झाली आणि लाईनीचं पोट भरणारं एकमेव गिऱ्हाईक गेलं. रूळ उखडले गेले. १९३७ मध्ये दोन्ही इंजिनं मोडीत निघाली.

हे सगळं मी अण्णांना सांगितलं. त्यांचं समाधान झालं नाही. "ही कागदावरची कारणं. जागा बघितल्याशिवाय कळायचं नाही," म्हणाले.

ती जागा बघायला ते आले २०२३ च्या जूनमध्ये, वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी. गुडघे संपलेले. मीच फिजिओथेरपिस्ट, त्यामुळे किती चालू द्यायचं हे मला माहीत होतं. चाकांची खुर्ची घेऊन आम्ही ह्यूम एंडला गेलो. खुर्चीत बसायला ते तयार नव्हते. "लोक बघतात," म्हणाले. मी म्हटलं, "अण्णा, तुम्ही एकोणचाळीस वर्षं गार्डच्या डब्यात बसूनच होतात की. आज मी इंजिन." मग बसले.

त्यांनी आधी मला खुर्ची स्टेशनच्या आवाराच्या टोकाला न्यायला लावली. गाडी उभी राहिली तर शेवटचा डबा कुठं येईल याचा अंदाज घेतला. मनगटावरच्या घड्याळात बघितलं. "दहा चाळीस. चल."

ह्यूम एंड ते एक्टन एक मैलाच्या आसपास असेल. मला त्या वाटेवर फक्त गवत, मेंढ्या आणि चुनखडीचे डोंगर दिसत आले होते. अण्णांना लाईन दिसत होती. "इथं भराव घातलाय. इथं पाणी जायला मोरी असणार, बघ." मोरी होती. "या वळणावर ड्रायव्हर शीळ घालणार." उतार तर त्यांना खुर्चीत बसल्या बसल्या अंगाला कळत होता. एका चुकीच्या जागी मी जोर लावला तर म्हणाले, "ढकलू नको, इथं आपोआप जाईल." गेली.

एक्टनला पोचल्यावर पुन्हा घड्याळ. "अकरा एकोणीस. मैलाला एकोणचाळीस मिनिटं. आमची गाडी यापेक्षा बरी होती."

मग त्यांनी वर बघितलं. दोन्ही बाजूंना उभे डोंगर. त्यांनी विचारलं, "गावं कुठायत?" मी डोंगरमाथ्याकडे बोट दाखवलं. वेटन वर, ग्रिंडन वर, बटरटन वर. स्टेशनांना गावांची नावं होती, पण गावं उंचावर आणि गाडी दरीच्या तळाला. पावसात, बर्फात, दुधाचे कॅन घेऊन एवढं खाली उतरायचं आणि परत जाताना चढायचं.

अण्णा थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "हे बघ, आता कळलं. गाव वर, गाडी खाली. गाडी कुणाच्या दाराशी जातच नव्हती. आमची गाडी हळू होती, पण दाराशी जायची. कुर्डुवाडी तर गाडीच्याच पोटातून जन्मली. साहेबानं चूक केली नाही गं. हिशेब बरोबर होता. माणसं कमी होती."

तीस-चाळीस पानं वाचून मला जे धड सांगता आलं नव्हतं, ते त्यांनी तिथं पाच मिनिटांत सांगितलं.

नंतर आम्ही मोटारीनं वेटन मिलला चहा प्यायला गेलो. तिथं मॅनिफोल्ड नदी उन्हाळ्यात जमिनीखाली गडप होते आणि काही मैल खाली, आयलम गावाजवळ, पुन्हा वर येते. पात्र कोरडं ठणठणीत होतं. एवढ्या पावसाच्या देशात कोरडी नदी बघून अण्णांना लातूर आठवलं.

थोरलीचं काय झालं

लातूरचं सांगायलाच हवं, कारण थोरल्या बहिणीची खरी गोष्ट तिथं आहे.

बार्शी लाईनला माणसं कधी कमी पडली नाहीत. कापूस होता, धान्य होतं, आणि मुख्य म्हणजे विठोबा होता. आषाढीला जादा गाड्या सुटायच्या. डबे पुरायचे नाहीत म्हणून मालाच्या वाघिणींत माणसं बसवायचे. टपावर, दारात, जिथं हात पोचेल तिथं वारकरी. अण्णांच्या नोकरीतली सगळ्यात कठीण रात्र आषाढी दशमीची, कारण टपावरच्यांना उतरवल्याशिवाय गार्ड हिरवा दिवा दाखवू शकत नाही, आणि विठ्ठलाकडं निघालेल्या माणसाला खाली उतरवणं सोपं नाही. १ जानेवारी १९५४ ला लाईन सरकारनं घेतली, ती मध्य रेल्वेत गेली, आणि छोटी गाडी आणखी पन्नासहून अधिक वर्षं चालली.

पुढं ब्रॉडगेज झालं. मार्ग काही ठिकाणी बदलला, उस्मानाबाद शहरावरून गेला, पण मिरज, पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी, लातूर हा सांधा तोच राहिला. आणि म्हणून २०१६ चा एप्रिल आला तेव्हा तो कामाला आला.

त्या वर्षी लातूर शहराचं पाणी संपलं होतं. माझी मावशी तिथं राहते, आठवड्यातून एकदा टँकर, तोही आला तर आला. मिरजेहून रेल्वेनं पाणी न्यायचं ठरलं. राजस्थानातल्या कोटा इथून स्वच्छ करून आणलेल्या टाकीच्या वाघिणी मिरजेला भरल्या आणि १२ एप्रिलच्या पहाटे पहिली 'जलदूत' लातूरला पोचली. दहा वाघिणी, प्रत्येकी पन्नास हजार लिटर, एकूण पाच लाख लिटर. नंतर पन्नास वाघिणींच्या गाड्या जाऊ लागल्या, एका खेपेला पंचवीस लाख लिटर. पावसाळा सुरू झाल्यावरही काही काळ हे चालू होतं.

मिरजेहून लातूरला जाताना वाटेत कुर्डुवाडी लागतं. अण्णा निवृत्तीनंतर पहिल्यांदाच त्या फलाटावर गेले, पाण्याची गाडी बघायला. त्या रात्री त्यांनी स्वतःहून मला फोन केला. एरवी खर्च येतो म्हणून कधी करत नाहीत. "गाडी बघितली," म्हणाले. "पन्नास वाघिणी. छोट्या लाईनवर हे झेपलं नसतं. पण वाट आपलीच आहे गं. साहेबानं आखलेली."

मोडली, सोड, असं म्हणणारा माणूस त्या दिवसापासून तसं म्हणेनासा झाला. तरी नव्या गाडीत त्यांनी पाय ठेवला नव्हता. तो ठेवला मॅनिफोल्ड बघून परत गेल्यावर. २०२३ च्या दिवाळीत एकटेच तिकीट काढून बार्शीला गेले, भगवंताचं दर्शन घेतलं आणि संध्याकाळच्या गाडीनं परत आले. फोनवर तक्रार एकच, "बसलो नाही तोवर बार्शी. डबा उघडायला वेळ मिळत नाही."

मला वाटतं, स्टॅफर्डशायरमध्ये त्यांनी मेलेली गाडी बघितली म्हणून त्यांना हे जमलं. रूळ बदलणं वेगळं आणि वाट जाणं वेगळं, हे त्यांना तिथं दिसलं. धाकटीचे रूळही गेले आणि गाडीही गेली. तरी तिची वाट कुणी नांगरली नाही, तुकडे करून विकली नाही. रेल्वे कंपनीनं ती काउंटीकडे सोपवली आणि जुलै १९३७ मध्ये ती पायी चालणाऱ्यांसाठी खुली झाली. ब्रिटनमध्ये बंद लाईनीचा असा उपयोग होण्याच्या अगदी सुरुवातीच्या उदाहरणांपैकी हे एक. दुधाची वाट चालणाऱ्यांची झाली, वारकऱ्यांची वाट पाण्याची झाली.

जाणाऱ्यांसाठी

मंडळातल्या कुटुंबांना माझी विनंती आहे की एकदा तरी तिथं जा. ह्यूम एंडला मोटारी उभ्या करायला जागा आहे, शेजारी चहा मिळतो. वाट डांबरी आणि सपाट आहे, आजी-आजोबांची खुर्ची आणि लहानांच्या सायकली दोन्ही चालतात. स्वेन्सलीच्या बोगद्यापासून वेटन मिलच्या पलीकडपर्यंत मोटारीही जातात, तेवढ्या भागात मुलांचा हात धरा. थॉर्स केव्हला जायचं तर चढण आहे, गुडघे विचारून जा. वॉटरहाउसेसच्या बाजूनं आलात तर हॅम्प्स नदी पुन्हा पुन्हा ओलांडावी लागते आणि उन्हाळ्यात बहुतेक वेळा पुलाखाली पाणी नसतं. मुलं विचारतील कुठं गेलं, तेव्हा सांगा, खालून चाललंय.

आणि तिकीटघरातला तो फोटो दाखवताना मुलांना सांगा की ही गाडी सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीची धाकटी बहीण आहे. वर्गात कुणी विचारलं की तुमच्या गावाकडं काय आहे, तर हेही सांगायला हरकत नाही.

येत्या मे महिन्यात मंडळाची सहल तिथं नेण्याचं आम्ही काही जणांनी ठरवलं आहे. अण्णांना सांगितलं. आता ते चौऱ्याऐंशी वर्षांचे आहेत, विमानाचा प्रवास झेपणार नाही. त्यांनी किती माणसं, किती मुलं, जेवण कुठं, सगळं विचारून घेतलं. मग म्हणाले, "निघायच्या आधी मागं वळून बघ. सगळे चढल्याशिवाय गाडी सोडायची नाही."